क्लास एक, फायली चार

ग्रुप प्रोजेक्ट म्हटलं की चौघांची वाटणी ठरलेली असते. एक जण कोड लिहितो, दुसरा रिपोर्ट, तिसरा प्रिंटआउट आणतो आणि चौथा चहा सांगतो! व्हायवाला मात्र प्रश्न चौघांनाही येतात. पायथनमध्ये यावर साधा उपाय आहे. कोडच्या वेगवेगळ्या फायली करा आणि प्रत्येकाने एक सांभाळा.

समजा, आपण मेसच्या बिलाचा प्रोग्राम करतोय. 'मेस' या फाइलमध्ये 'मेंबर' हा क्लास आहे. त्यात नाव, जेवलेली ताटं आणि बिल काढायचं फंक्शन. हाच क्लास चारही फायलींत कॉपी-पेस्ट केला तर? उद्या ताटाचा दर वाढला की तो तीन फायलींत बदलेल, चौथीत राहून जाईल, आणि एकाच मेंबरची दोन बिलं निघतील. मग भांडा! त्यापेक्षा क्लास एकाच जागी ठेवावा आणि बाकीच्या फायलींनी तो मागून घ्यावा. या मागून घेण्यालाच इम्पोर्ट म्हणतात.

पायथनची प्रत्येक फाइल म्हणजे एक मॉड्यूल. 'इम्पोर्ट मेस' लिहिलं तर अख्खं मॉड्यूल मिळतं, पण क्लासला 'मेस डॉट मेंबर' अशी पूर्ण हाक मारावी लागते. 'फ्रॉम मेस इम्पोर्ट मेंबर' लिहिलं तर नुसतं 'मेंबर' पुरतं. फाइलच्या नावातलं 'डॉट पीवाय' इथे लिहायचं नाही. पायथनच्याच 'डेटटाइम' मॉड्यूलमध्ये त्याच नावाचा क्लास आहे. नुसतं 'इम्पोर्ट डेटटाइम' करून त्यालाच कंस लावून तारीख दिली, की 'मॉड्यूल ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल' अशी एरर येते. म्हणजे हाक खोलीला मारली, आतल्या माणसाला नाही!

पायथन शोधतो कुठे? आधी आपण चालवलेल्या फाइलच्या फोल्डरमध्ये, मग स्वतःच्या लायब्ररीत, मग इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसमध्ये. म्हणून आपल्या फाइलला 'रँडम' असं नाव देऊ नये. लायब्ररीतलं 'रँडम' राहतं बाजूला आणि आपलीच फाइल उचलली जाते.

पहिल्या इम्पोर्टला ती फाइल वरपासून खालपर्यंत एकदा चालते. त्यानंतर कुणीही मागितली तरी तेच तयार मॉड्यूल मिळतं. त्यामुळे शेल चालू असताना फाइल बदलली, तर नुसतं पुन्हा इम्पोर्ट करून उपयोग नाही. शेल बंद करून उघडावा.

अजून एक. 'मेस'ने 'बिल' मागायचं आणि 'बिल'ने 'मेस', असं 'पहले आप' करू नका. एकाला दुसरं मॉड्यूल अर्धवट तयार मिळतं आणि प्रोग्राम अडतो. दोघांना लागणारी गोष्ट तिसऱ्या फाइलमध्ये हलवा.

मला विचाराल तर फायलींची वाटणी पहिल्याच आठवड्यात करा. चहा सांगणाऱ्यालाही एक द्या, आणि ती त्यालाच लिहू द्या. मग व्हायवाला सरांनी कुणालाही उभं केलं, तरी निदान एका क्लासबद्दल तो ठामपणे बोलेल.