थराच्या पोटातील आग

तंजावरच्या किल्ल्याच्या पूर्व दरवाजाजवळ सुमारे साडेसात मीटर लांबीची एक प्रचंड लोखंडी तोफ आहे. सतराव्या शतकात, रघुनाथ नायकाच्या राजवटीत, ती ओतून नव्हे, तर तापविलेल्या पट्ट्या व कडी ठोकून, एकमेकींस सांधून घडविण्यात आली. लोखंड सांधण्याजोगे तापले की नाही, हे लोहार रंगावरून ओळखीत असे. पोलाद कारखान्यातील सिंटर यंत्रावर ही सोय नाही. तेथे खरी आग थराच्या पोटात असते.

लोहखनिजाचा बारीक चुरा झोतभट्टीत तसाच टाकला, तर हवेचे मार्ग बुजतात. म्हणून चुरा, कोकचा भुगा, चुनखडी व पाणी एकत्र घोळवून सरकत्या जाळीवर अर्धा-पाऊण मीटर जाडीचा थर देतात. रायगड जिल्ह्यातील डोलवी येथेही अशी सिंटर निर्मिती होते. थर वरून पेटवून खालच्या वातपेट्यांतून हवा ओढली, की आग हळूहळू तळाकडे उतरते. सुमारे 1,300 अंश सेल्सियसला कणांच्या कडा वितळून कण परस्परांस चिकटतात. जाळीचा शेवट येण्याच्या किंचित आधी आग तळास पोहोचली पाहिजे. उशीर झाला, तर अर्धकच्चा धगधगता माल पुढे जातो; फार लवकर पोहोचली, तर उरलेली जाळी फुकट फिरते.

नमुना प्रयोगशाळेत जाऊन उत्तर परत येईतो तो माल केव्हाच निघून गेलेला असतो. म्हणून वातपेट्यांत तपयुग्मे, म्हणजे दोन भिन्न धातूंच्या तारा टोकाशी जोडून केलेले तापमापक, बसवितात. खालचा थर ओला आहे तोवर ओढलेला वायू फारसा तापत नाही. आग तळाजवळ येताच त्याचे तापमान झपाट्याने चढते, शिखर गाठते व उतरू लागते. ते शिखर नेमके पेटीवरच पडेल असे नाही. म्हणून लगतच्या तीन पेट्यांच्या आकड्यांतून वक्ररेषा काढून त्याची जागा ठरवितात व जाळीचा वेग बदलतात.

मात्र बिघाडाचे मूळ बहुधा अर्धा तास मागे, मिश्रणाच्या ओलाव्यात असते. पाणी कमी पडले तर चुऱ्याच्या गोळ्या बनत नाहीत. जास्त झाले तर थर चिकट होऊन हवा कोंडते. अवरक्त किरणांचा संवेदक केवळ पृष्ठभागाची ओल पाहतो. सूक्ष्मतरंग मिश्रणाच्या आत शिरतात. संवेदकावरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. तपयुग्मावर धूळ साचली, की तापमानाचा चढ उशिरा दिसतो आणि यंत्र विनाकारण मंद केले जाते. म्हणून जाणता चालक आजही जाळीच्या टोकाशी तुटून पडणाऱ्या सिंटरचा काप पाहतो, आणि तळाशी उरलेली लाल पट्टी किती जाड आहे, ते आपल्या आकड्यांशी ताडून घेतो.