नीट म्हणजे ती परीक्षा नव्हे! घरी असलेल्या तरुणांना मोजतं कोण?

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'म्हणजे, म्हणजे' काढलेत.

[००:३०] हे नीट कुठलं?

आजचा शब्द 'नीट'. डॉक्टर व्हायची परीक्षा नव्हे, आणि आई म्हणते ते 'नीट बस' पण नव्हे. जे तरुण शिकत नाहीत, नोकरी करत नाहीत आणि कुठलं प्रशिक्षणही घेत नाहीत, त्यांच्यासाठी इंग्रजी आद्याक्षरांवरून बनवलेला हा शब्द. १९९९ मध्ये ब्रिटनच्या एका सरकारी अहवालानंतर तो रूढ झाला.

मी स्वतः नीट होतो. २०२० ला बीटेक झालं, हातात ऑफर लेटर होतं. लॉकडाऊनमध्ये कंपनीने जॉइनिंग पुढे ढकललं, परत ढकललं, मग मेलला उत्तर देणंच बंद केलं. चौदा महिने मी सिडकोतल्या घरी. शेजारचे काका रोज विचारायचे, "काय, लागलं का कुठे?"

पुढच्या वर्षी माझी मावसबहीण बीए झाली आणि निफाड तालुक्यातल्या तिच्या गावी घरीच राहिली. तिला मात्र हा प्रश्न कोणी विचारला नाही. तिच्यासाठी स्थळं बघत होते, त्यामुळे तिचं ठीक चाललंय असं सगळ्यांनी धरून टाकलं.

[०२:१०] कोड ८१ आणि कोड ९२

रोजगाराची जी मोठी सरकारी पाहणी होते, तिच्यात प्रत्येक माणसाला एक कोड मिळतो. काम नाही, पण शोधतोय किंवा करायला तयार आहे, तो ८१. यालाच बेरोजगार म्हणतात. फक्त घरकाम करणारी व्यक्ती ९२. ती बेरोजगारांच्या आकड्यात येतच नाही.

म्हणजे मी ८१ आणि बहीण ९२. दोघंही घरीच, पण बेरोजगारीच्या बातमीत मी दिसणार, ती नाही. नीटचा आकडा यासाठी कामाचा. तो दोघांनाही धरतो. भारत रोजगार अहवाल २०२४ मध्ये २०२२ सालचे आकडे आहेत: तरुण मुलांमध्ये नीटचं प्रमाण ९.८ टक्के, मुलींमध्ये ४८.४ टक्के. जवळपास निम्म्या मुली!

[०३:४५] सरकार काय करतं?

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. लोक तिला 'लाडका भाऊ' म्हणतात, पण ती मुलींसाठीही आहे. वय १८ ते ३५. सरकारी कार्यालयात किंवा कंपनीत प्रत्यक्ष काम शिकायचं. दरमहा बारावी पासला ६,००० रुपये, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. पैसे सरकारकडून थेट खात्यात. आधी मुदत सहा महिने होती, नंतर अकरा झाली.

बहिणीचा फॉर्म मी भरला. ओटीपी तिच्या वडिलांच्या फोनवर यायचा आणि ते शेतात. त्या एका ओटीपीत तीन दिवस गेले. शेवटी तालुक्यातल्या एका कार्यालयात तिला जागा मिळाली. कधी नोंदी टाकायच्या, कधी नुसत्या झेरॉक्स काढायच्या. पण एक्सेल आलं, आणि स्वतःच्या खात्यात पहिल्यांदा स्वतःचे दहा हजार आले.

अकरा महिने झाले आणि संपलं. ही योजना नोकरीची हमी देत नाही. मुदत संपल्यावर राज्यात अनेक प्रशिक्षणार्थींनी कायम करा म्हणून आंदोलनं केली, ती यामुळेच.

[०५:३०] मग फायदा काय झाला?

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "दादा, तुमच्या ओळखीत अंबडला किंवा सातपूरला ऑफिसचं काही काम आहे का? मी रोज येऊन-जाऊन करीन."

बघा, ती ९२ वरून ८१ वर आली! कागदावर राज्यात एक बेरोजगार वाढली. माझ्या मते ही प्रगती आहे. म्हणून नुसता बेरोजगारीचा दर बघून योजना चांगली की वाईट ठरवू नका. पण ८१ वर आलेल्या मुलीला पुढची पायरीच मिळाली नाही, तर ती परत ९२ वर जाणार. तेव्हा आकडा छान दिसेल आणि ती घरी असेल.

पायरी आहे, बरं का. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. अकरा महिने शिकलेल्यांची यादी घेऊन एमआयडीसीतल्या या जागांशी जोडली तर?

दुसरी गोष्ट युरोपची. तिथे २०१३ पासून युवा हमी आहे: शिक्षण किंवा नोकरी सुटल्यावर चार महिन्यांत तरुणाला काम, शिक्षण किंवा प्रशिक्षणाची ऑफर मिळावी. फिनलंडमध्ये तर युवा कार्यकर्ते अशा मुलांना स्वतः शोधायला जातात. आपल्याकडे फॉर्म भरेल तोच सरकारला दिसतो. ज्या मुलीकडे स्वतःचा नंबरच नाही, ती फॉर्म कसा भरणार? अंगणवाडी आणि आशा ताईंना घर न् घर माहीत असतं, पण त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे. शोधायला माणूस हवा, आणि त्याला त्याचा पगारही.

[०७:२०] जाता जाता

आज एकच काम करा. तुमच्या घरात, गल्लीत कोण ९२ आहे ते आठवा आणि तिला विचारा, "तुला काय करायचंय?" फॉर्म भरायचा असेल तर आधी आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. माझे तीन दिवस गेले, तुमचे वाचतील.

आणि हो, अंबड-सातपूरकडे कोणाला एक्सेल येणारी, वेळेवर येणारी मुलगी हवी असेल तर व्हॉइस नोट पाठवा. खरंच सांगतोय.

भेटू पुढच्या भागात!