जुन्या ॲनिमे मालिका एचडीमध्ये यायला एवढी वर्षं का लागतात? आणि आल्या तरी आवाज वेगळाच का?

१९९३ सालचा रविवार आठवा. डोंबिवलीतली चाळ असो की ठाण्यातली सोसायटी, सकाळी सगळी पोरं टीव्हीसमोर. दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं. चित्रात मुंग्या आल्या की एकजण गच्चीवर ॲन्टेना फिरवायला पळायचा आणि बाकीचे खालून ओरडायचे, "आलं, आलं, आता हलवू नकोस!"

हा मोगली मूळचा जपानी. निप्पॉन ॲनिमेशनची ही ५२ भागांची मालिका जपानमध्ये १९८९ला सुरू झाली. आपल्याकडे तिला गुलजारांचं शीर्षकगीत मिळालं आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज.

आता तुम्ही म्हणाल, एवढं जुनं चित्र एचडी होणारच कसं?

तर गंमत अशी की जुनं असणं हीच जमेची बाजू आहे. तेव्हा प्रत्येक चित्र पारदर्शक सेलवर हाताने रंगवून फिल्मवर शूट करायचे. टीव्हीवर धुरकट दिसलं, तरी फिल्ममध्ये बारकावे शिल्लक असतात. मूळ निगेटिव्ह जपून ठेवली असेल, तर ती नव्याने स्कॅन करता येते. १९९८चं 'काउबॉय बीबॉप' ब्लू-रेवर चकाचक दिसतं ते यामुळेच.

खरी गोची २००० नंतरच्या मालिकांची. सेल गेले, कॉम्प्युटर आला, पण काम व्हायचं तेव्हाच्या टीव्हीच्या मापाने, म्हणजे साधारण ४८० ओळींत. २००२ला सुरू झालेल्या 'नारुतो'ची फिल्मच नाही, मग स्कॅन काय करणार? अशा मालिकांचं चित्र ताणून मोठं करतात, त्याला अपस्केल म्हणतात. म्हणजे मुलगा 'नारुतो'चा एचडी सेट घेतो तेव्हा त्याला अपस्केलच मिळतं, आणि बापाच्या लहानपणीची मालिका मात्र खरी एचडी होऊ शकते.

फिल्म असली तरी काम सोपं नाही. एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २२ मिनिटांच्या भागात ३१,६८० फ्रेम. 'ड्रॅगन बॉल झी'चे २९१ भाग धरले तर आकडा ९२ लाखांच्या वर जातो. अमेरिकेतल्या फनिमेशनने २०११मध्ये एकेक फ्रेम साफ करून ही मालिका ब्लू-रेवर आणायला घेतली. दोन संच निघाले आणि काम थांबलं.

पण आपल्याकडचा प्रश्न चित्रापाशी संपत नाही. जपानमधल्या निगेटिव्हवर हिंदी आवाज नसतो. तो इथे रेकॉर्ड झालेला, वेगळ्या टेपवर, वेगळ्या हक्कांत. टेप सापडली पाहिजे, चांगली निघाली पाहिजे आणि नव्या चित्राशी जुळलीही पाहिजे. इथे दाखवताना एखादं दृश्य कापलं असेल, तर तेवढ्या भागाला हिंदी आवाजच नाही.

युगो साको आणि आपले राम मोहन यांच्या 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा'चं उदाहरण ताजं आहे. १९९३चा हा सिनेमा २४ जानेवारी २०२५ला ४के रूपात भारतातल्या थिएटरमध्ये आला. चित्र बघून डोळे निवले. पण कार्टून नेटवर्कवर बघितलेल्यांच्या कानात राम म्हणजे अरुण गोविल आणि रावण म्हणजे अमरीश पुरी. थिएटरमध्ये हिंदी डबिंग नवं होतं, आवाज दुसरेच. बऱ्याच जणांना चुकल्यासारखं वाटलं, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही.

मग कल्याणमधल्या फॅनने थेट जपानी ब्लू-रेच मागवली तर? जपान रिजन 'ए'मध्ये, भारत 'सी'मध्ये. डिस्क रिजनबंद असेल तर इथला साधा प्लेअर ती वाचतच नाही. आणि वाचली, तरी शेरखान जपानीतच बोलणार.