पेट्यांच्या लाकडातून स्वयंपाकघराची कपाटे

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात परदेशातून येणारी यंत्रे आणि सुटे भाग ज्या लाकडी पेट्यांतून येतात, त्यांचे काम माल उतरताच संपते. बहुतांशी पाइनच्या फळ्यांच्या या पेट्या आणि पॅलेट मग भंगाराच्या भावाने परिसरातील वखारींत पोहोचतात. चिखलीजवळची कुदळवाडी हा भंगार मालाचा असाच एक जुना पत्ता होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तेथील हजारो बांधकामे पाडली आणि तो बाजार विखुरला. मॉड्युलर किचनचे अंदाजपत्रक पाहून थबकलेल्या गृहस्थाला या फळ्यांचा मोह पडतो, यात नवल नाही. लाकूड हलके, हत्याराला नरम आणि दिसायला प्रसन्न. मात्र ज्या कपाटात डाळी-तांदूळ आणि ताटवाट्या ठेवायच्या, त्याच्या फळीचा पूर्वेतिहास तपासल्याशिवाय ती घरात आणू नये.

हा इतिहास पुष्कळदा फळीवरच डागलेला असतो. लाकडाबरोबर देशोदेशी कीड पसरू नये म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली ‘आयएसपीएम १५’ हे मानक स्वीकारले गेले. त्यानुसार प्रक्रिया केलेल्या लाकडावर ओंबीचे चिन्ह, देशाची दोन रोमन अक्षरे, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेची खूण उमटवतात. ‘एचटी’ अशी अक्षरे असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले असते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. हा वायू बहुतांशी उडून जातो हे खरे. तरी निवड हाती असताना अशी फळी स्वयंपाकघरासाठी घेण्याचे कारण नाही. शिक्का फक्त प्रक्रिया सांगतो, पेटीतून काय वाहून नेले ते सांगत नाही. म्हणून तेलाचे डाग किंवा उग्र वास असलेली फळी शिक्का पाहूनही बाजूला ठेवावी.

येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. तापवलेले लाकूड म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे. अर्ध्या तासाच्या उष्णतेने कीड मरते, फळीतला ओलावा जात नाही. फळ्या घरी आणल्यावर मध्ये रिपा घालून, हवेशीर खोलीत तीन-चार आठवडे रचून ठेवाव्यात. आर्द्रतामापक मिळाला तर १० ते १२ टक्के आकडा दिसेपर्यंत करवतीला हात लावू नये. करवतीपूर्वी फळीवरून लोहचुंबकही फिरवावे; आत तुटून राहिलेला एक खिळा पात्याचे दात घालवतो.

वाळलेले लाकूडही स्वस्थ बसत नाही. पावसाळ्यात ते फुगते, एप्रिलमध्ये आकसते. लांबीत हा फरक नगण्य, रुंदीत मात्र चांगलाच जाणवतो. पाइनच्या ३०० मिलिमीटर रुंद पाटात ओलाव्याचे प्रमाण सहा टक्क्यांनी बदलले, तर रुंदी सुमारे चार मिलिमीटरने बदलते. फळ्या सरळ एकमेकींना चिकटवून, मागे आडव्या पट्ट्या ठोकून केलेले दार पहिल्याच वर्षी वाकते किंवा तडकते ते यामुळे. उपाय जुनाच आहे. चार पट्ट्यांची चौकट करावी, तिला आतून खाच पाडावी आणि मधली फळी त्या खाचेत दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर मोकळी राहील अशी बसवावी. गोंद चौकटीच्या सांध्यांना लावावा, मधल्या फळीला मुळीच नाही.

आपल्याकडे बहुतेक ओट्यांखाली कडप्प्याचे उभे आधार आधीच असतात, त्यामुळे पुढची चौकट आणि दारे एवढ्यावर काम भागते. सिंकखाली मात्र पाइनचा हट्ट धरू नये. तेथे ‘आयएस ७१०’ शिक्क्याचे मरीन प्लायवूडच बरे. पेल्याच्या बिजागरीसाठी ३५ मिलिमीटर व्यासाचे, सुमारे १२ मिलिमीटर खोल छिद्र लागते, तेव्हा पट्टी १८ मिलिमीटरपेक्षा पातळ नको. स्क्रूसाठी आधी बारीक छिद्र पाडावे आणि फळीच्या कापलेल्या टोकात स्क्रू शक्यतो घालू नये, तेथे तो धरत नाही. गाठींवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा हात दिला की राळ पाझरून पिवळे डाग उमटत नाहीत. चपडा वाफेपुढे टिकत नाही, म्हणून त्यावर पॉलियुरेथेनचे दोन-तीन पातळ हात हवेत.

ज्यांच्या घरी जुनी कपाटे शाबूत आहेत, त्यांनी नव्या लाकडामागे धावण्यापूर्वी ती घासून पाहावीत. फोडणीच्या धुराचा चिकट थर आधी धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने काढावा. तसाच पॉलिश पेपर चालवला तर तेल रेषांत भरते आणि नवे पॉलिश धरत नाही. ८० क्रमांकाच्या पेपरपासून २२० पर्यंत, नेहमी रेषांच्या दिशेने जावे. जुना ऑइल पेंट असेल तर जास्त जपावे. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. असा थर कोरडा घासू नये. पाणी लावून, मास्क घालून, लहान मुलांना दूर ठेवून तो काढावा आणि चोथा पिशवीत बांधून टाकावा.

अळशीच्या तेलाने पॉलिश करणाऱ्यांनी तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवावीत.

एवढे करूनही जुलैत एखादे दार अडकू लागेल. सुतार लगेच रंधा काढतो, पण त्याला थांबवावे. पावसाळ्यात तासलेल्या दाराला हिवाळ्यात फट पडते. दिवाळीपर्यंत वाट पाहावी, तेव्हाही दार घासत असेल तरच कड तासावी आणि उघड्या पडलेल्या लाकडाला त्याच दिवशी पॉलिशचा हात द्यावा.