सर्व्हर का अडतो?

नाशिकरोडकडून एकलहऱ्याला येऊ लागले की औष्णिक वीजकेंद्राची उंच धुराडी लांबूनच दिसू लागतात. येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी १४० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले होते. ते आता कायमचे बंद झाले आहेत. पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. अशा संचाचे टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे करते आणि त्यातून ५० हर्ट्झ वारंवारतेची वीज मिळते. विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली तर काय होईल? टर्बाइनवरचा भार वाढेल, ते मंदावू लागेल आणि वारंवारता ५० च्या खाली घसरेल. ती फार घसरू दिली तर यंत्रांना इजा पोहोचेल. म्हणून अशा वेळी काही भागांचा पुरवठा आपोआप तोडला जातो आणि बाकीची व्यवस्था वाचवली जाते.

मागणी आणि पुरवठा यांची अशीच ओढाताण संगणकाच्या जगातही चालते. १६ जुलै २०२१ चा दिवस आठवा. तुमच्यापैकी कुणाच्या मोठ्या भावाचा किंवा बहिणीचा त्या दिवशी दहावीचा निकाल होता. निकाल दुपारी एक वाजता लागायचा होता. राज्यातील सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थी एकाच वेळी निकालाची संकेतस्थळे उघडू लागले. ती संकेतस्थळे बंद पडली आणि अनेकांना आपले गुण पाहण्यासाठी कित्येक तास थांबावे लागले. घरोघरी एकच वाक्य ऐकू येत होते : 'सर्व्हर डाउन आहे.'

हा सर्व्हर म्हणजे काय, तो का अडतो आणि अडल्यावर दोष कसा शोधायचा, ते आपण या लेखात पाहू.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक म्हणजे सतत चालू असणारा संगणक, आणि दुसरा म्हणजे त्या संगणकावर चालणारी, येणाऱ्या विनंत्यांना उत्तरे देणारी आज्ञावली. आपल्याला येथे दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. अशा आज्ञावल्यांपैकी एक फार प्रसिद्ध आज्ञावली म्हणजे टॉमकॅट. ती जावा या संगणकभाषेत लिहिलेली आहे. जावा भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली आणि १९९५ साली ती जगापुढे आली. टॉमकॅटची सुरुवातही त्याच कंपनीत जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी केली. १९९९ साली ती अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवण्यात आली. तेव्हापासून ती कुणालाही विनामूल्य वापरता येते.

टॉमकॅटचे काम एखाद्या मोठ्या टपाल कचेरीसारखे आहे असे समजा. कचेरीत खिडक्या असतात आणि प्रत्येक खिडकीवर एक कारकून एका वेळी एकाच माणसाचे काम करतो. टॉमकॅटमध्ये या कारकुनांना थ्रेड म्हणतात. थ्रेड विनंती घेतो, लागणारी माहिती आतल्या दप्तरातून म्हणजे डेटाबेसमधून मागवतो, तिचे पान तयार करून ते पाठवतो आणि पुढच्या विनंतीकडे वळतो.

कारकून किती असावेत हे टॉमकॅटला एका फायलीत लिहून सांगता येते. तिचे नाव 'सर्व्हर डॉट एक्सएमएल'. काहीच सांगितले नाही तर टॉमकॅट जास्तीत जास्त २०० थ्रेड नेमतो. ते सगळे कामात असले तर आलेल्यांना अंगणात बसवले जाते. अलीकडच्या आवृत्त्यांत कामात असलेली आणि बसलेली मिळून ८,१९२ जोडण्या सामावतात. त्याबाहेर फाटकापाशी आणखी १०० जणांची रांग असते. ती भरली की नव्याने येणाऱ्याला आत येता येत नाही. टर्बाइन वाचवण्यासाठी पुरवठा तोडावा, तसाच हा प्रकार आहे.

एक सोपा नियम

आता कारकून किती लागतील हे कसे ठरवायचे? त्यासाठी एक सुंदर नियम आहे. जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली त्याची सिद्धता दिली. नियम असा :

आत असलेल्यांची सरासरी संख्या = दर सेकंदाला येणाऱ्यांची संख्या × प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ (सेकंदांत).

दुकानात मिनिटाला २ गिऱ्हाइके येत असतील आणि प्रत्येक जण ५ मिनिटे थांबत असेल, तर कोणत्याही क्षणी दुकानात सरासरी १० गिऱ्हाइके असणार. इतका हा नियम सरळ आहे.

आता निकालाच्या दिवसाचा एक कल्पित हिशेब करू. पावणेसोळा लाखांपैकी एकतृतीयांश, म्हणजे सव्वापाच लाख विद्यार्थ्यांनी पहिल्याच मिनिटात निकाल मागितला असे धरा. सव्वापाच लाखांना ६० ने भागले की सेकंदाला ८,७५० विनंत्या होतात. प्रत्येक विनंतीला ०.१ सेकंद लागत असेल तर नियमाप्रमाणे ८,७५० × ०.१ = ८७५ थ्रेड एकाच वेळी कामात हवेत. आपल्याकडे आहेत २००. म्हणजे अंगण भरणार हे ठरलेलेच. त्यात भर अशी की पान दिसले नाही की आपण धीर सोडतो आणि पुन्हा पुन्हा बटण दाबतो. प्रत्येक दाबणे म्हणजे एक नवी विनंती. तुम्ही सोडून दिलेल्या जुन्या विनंतीवरही बिचारा थ्रेड बहुधा राबतच राहतो, कारण तुम्ही निघून गेलात हे त्याला उत्तर पाठवेपर्यंत कळत नाही.

तुम्ही म्हणाल, मग थ्रेड ८७५ करून टाकावेत! पण प्रत्येक थ्रेडसाठी स्मृतीत साधारण एक मेगाबाइटपर्यंत जागा राखली जाते आणि प्रोसेसर तर तेवढेच राहतात. समीकरणाकडे पुन्हा पाहा. उजवीकडे दोन राशी आहेत. येणाऱ्यांची संख्या आपल्या हाती नाही, पण लागणारा वेळ कमी करता येतो. लागलेला निकाल सहसा बदलत नाही. मग प्रत्येक वेळी डेटाबेसला विचारण्याऐवजी पाने आधीच तयार ठेवली आणि वेळ ०.०१ सेकंदावर आणला, तर ८,७५० × ०.०१ म्हणजे ८८ थ्रेड पुरतात. कारकून वाढवण्यापेक्षा काम हलके करणे अधिक फायद्याचे ठरले.

पण गर्दी नसतानाही सर्व्हर अडतो तेव्हा?

तेव्हा कारण शोधण्याची खरी कसोटी लागते. माझ्या पाहण्यातील एक उदाहरण सांगतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो तेथे मुलांनी प्रात्यक्षिकांचे अहवाल संगणकावर भरण्याची सोय टॉमकॅटवर केलेली होती. एकदा अहवाल भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी ती अडली. पान उघडेना. संध्याकाळी पाचला मुदत संपायची होती आणि कित्येक मुलांचे गुण त्यावर अवलंबून होते. गर्दी म्हणाल तर सेकंदाला एखादी विनंती.

आम्ही घाईने थ्रेड २०० वरून ४०० केले आणि टॉमकॅट पुन्हा सुरू केला. लगेच सर्व सुरळीत झाले! सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दोन तासांनी सर्व्हर पुन्हा अडला.

आता विचार करा. पहिल्यांदा तो चालू झाला तो थ्रेड वाढवल्यामुळे, की नुसता बंद करून पुन्हा सुरू केल्यामुळे? आम्हाला सांगता येईना, कारण आम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. लंबकाचा प्रयोग करताना दोऱ्याची लांबी आणि गोळ्याचे वस्तुमान एकाच वेळी बदलू नका, असे मी मुलांना दर वर्षी सांगतो. तोच नियम मी स्वतः मोडला होता.

वीजकेंद्रातला संच बंद पडला तर तेथील अभियंता धावत जाऊन कळ दाबत नाही. कोणता इशारा आधी वाजला आणि कोणता नंतर, याची नोंद तो आधी पाहतो. दुसऱ्या खेपेस आम्ही तसेच केले. सर्व्हर अडलेल्या स्थितीतच ठेवला आणि तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, प्रोसेसर. तो जवळजवळ रिकामा होता. म्हणजे थ्रेड काम करीत नव्हते, कशाची तरी वाट पाहत होते.

दुसरी, थ्रेडची स्थिती. जावाबरोबर 'जेस्टॅक' नावाचे साधन मिळते. त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करीत आहे, हे ते लिहून देते. जणू कचेरीचे छायाचित्रच! त्यात दिसले की विनंत्या हाती घेतलेले झाडून सारे थ्रेड एकाच ओळीवर उभे आहेत : डेटाबेसची जोडणी मिळण्याची वाट पाहत.

येथे थोडे थांबून ही जोडणी म्हणजे काय ते सांगतो. डेटाबेसशी दर वेळी नवी जोडणी करणे खर्चाचे असते. म्हणून टॉमकॅट थोड्या जोडण्या तयार ठेवतो. थ्रेडने एक घ्यावी, काम करावे, परत ठेवावी, वाचनालयातल्या पुस्तकासारखी. किती ठेवाव्यात हे सांगितले नाही तर टॉमकॅटच्या नेहमीच्या व्यवस्थेत ती संख्या असते ८. आणि जोडणी नसेल तर किती वेळ थांबावे हेही सांगितलेले नसेल, तर थ्रेड अनिश्चित काळ थांबून राहतो. आमच्याकडे दोन्ही सांगितलेले नव्हते.

तिसरी गोष्ट, नोंदवही. टॉमकॅट घडलेल्या चुका एका फायलीत लिहीत असतो. बहुतेक ठिकाणी तिचे नाव 'कॅटलिना डॉट आउट' असते. सर्व्हर अडल्यानंतरच्या काळात तेथे एकही चूक नव्हती, कारण मुकाट्याने वाट पाहणे ही काही चूक नव्हे. पण त्याआधीच्या दोन तासांत एकच चूक पुन्हा पुन्हा लिहिलेली सापडली. आम्ही ती मोजली. ती बरोबर आठ वेळा होती!

मग उलगडा झाला. कुणी हजेरी क्रमांकाच्या जागी अंकांऐवजी अक्षर टाइप केले की आज्ञावलीत चूक घडे. आज्ञावली जोडणी आधी घेत असे आणि क्रमांक नंतर तपासत असे. चूक घडली की ती तेथूनच बाहेर पडे आणि जोडणी परत ठेवायची राहून जाई. विद्यार्थी आपली चूक सुधारून पुढे जाई, पण वाचनालयातले एक पुस्तक कायमचे गेलेले असे.

तरी मग सर्व्हर हळूहळू मंद न होता एकदम का अडला? येथे लिटलचा नियम पुन्हा उपयोगी पडतो. प्रत्येक कामाला जोडणी ०.०५ सेकंद लागते असे धरा. आठ जोडण्या असल्या तर सेकंदाला ८ ÷ ०.०५ = १६० कामे होतात. सात हरवून एकच उरली तरी २० कामे होतात. आमची गरज होती सेकंदाला एखादीची. म्हणून सात जोडण्या हरवल्या तरी कुणाला काही जाणवले नाही. आठवी गेली आणि सारे थांबले. कारण घडत होते सकाळपासून, परिणाम दिसला दुपारी.

थ्रेड ४०० केल्याने काय झाले असते तेही आता तुमच्या लक्षात येईल. वाट पाहणारे २०० ऐवजी ४०० होऊ शकले असते, इतकेच. आम्हाला तात्पुरता गुण आला तो पुन्हा सुरू करण्यामुळे, कारण त्या वेळी आठही जोडण्या नव्याने तयार झाल्या.

उपाय कोणते केले?

त्या दिवशी टॉमकॅट पुन्हा सुरू केला, थ्रेड परत २०० केले, मुदत दुसऱ्या दिवसापर्यंत वाढवून घेतली आणि रात्री आज्ञावली दुरुस्त केली. २०११ साली आलेल्या जावाच्या सातव्या आवृत्तीपासून 'ट्राय-विथ-रिसोर्सेस' नावाची रचना उपलब्ध आहे. तिच्यात घेतलेली वस्तू, काम नीट संपो वा चुकीने संपो, आपोआप परत केली जाते. तिचा वापर केला. शिवाय जोडणीसाठी जास्तीत जास्त पाच सेकंद थांबावे असे टॉमकॅटला सांगून ठेवले. याने दोष दूर होत नाही, पण पुढे कधी जोडण्या संपल्या तर सर्व्हर मुकाट्याने अडून न राहता नोंदवहीत तसे लिहील. घरातल्या फ्यूजचे कामही असेच असते.

मग दुरुस्ती खरी की नाही हे तपासले. हजेरी क्रमांकाच्या जागी मुद्दाम अक्षर टाकून वीस वेळा चूक घडवली. सर्व्हर चालूच राहिला. जो दोष आपल्याला हवा तेव्हा घडवता येतो आणि दुरुस्तीनंतर घडत नाही, तोच सुटला असे म्हणता येते.

नोंदवही वाचताना एक खूण लक्षात ठेवा. जावा चुकीची हकीगत लिहिते तेव्हा ती लांबलचक असते आणि तिच्यात 'कॉज्ड बाय', म्हणजे 'याचे कारण', असे शब्द अनेकदा येतात. मूळ कारण बहुधा त्यांपैकी सर्वांत शेवटच्या ठिकाणी असते. पुष्कळ जण पहिलीच ओळ वाचून थांबतात.

करून पाहा

लिटलचा नियम पडताळण्यासाठी संगणकाची गरज नाही. मधल्या सुट्टीत शाळेच्या पाण्याच्या नळांपाशी दोन मित्रांसह उभे राहा. एकाने दहा मिनिटांत किती मुले आली ते मोजावे. दुसऱ्याने वीस मुलांची वेळ घड्याळाने पाहावी, रांगेत आल्यापासून पाणी पिऊन जाईपर्यंतची, आणि तिची सरासरी काढावी. तिसऱ्याने दर अर्ध्या मिनिटाला तेथे किती मुले उभी आहेत ते लिहावे. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार तिसऱ्याच्या सरासरीजवळ येतो का पाहा. वेळेचे एकक मात्र दोन्हीकडे सारखे ठेवा. नंतर एक नळ बंद करून हाच प्रयोग दुसऱ्या दिवशी करा. फक्त एकच नळ बंद करा आणि बाकी काही बदलू नका. का, ते आता तुम्हांला सांगायला नको.