फवारलेले रान

ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामधल्या पट्टीवर नवी मुंबई हे नगर पसरलेले आहे. १९७० साली सिडको या संस्थेची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील भूमीवर नगराची उभारणी सुरू झाली. त्यापूर्वी येथे आगरी व कोळी लोकांची गावे, भाताची खाचरे आणि मिठागरे होती. आता तेथे रुंद रस्ते व उंच इमारती दिसतात. तथापि घणसोली, करावे, बेलापूर यांसारखी जुनी गावे नगराच्या कुशीत अजून नांदत आहेत.

अशा ठिकाणी गुरे पाळणाऱ्याला चाऱ्याची चिंता नेहमीच लागून राहते. खाचरे गेली, गायराने आक्रसली. म्हणून गाई-म्हशी मोकळ्या भूखंडांत, रस्त्यांच्या कडेला आणि डोंगराच्या पायथ्याशी चरतात. मृगाचा पाऊस पडला, की ही सारी जागा हिरवीगार होते आणि गुराख्याच्या मनाला समाधान वाटते. परंतु तेच गवत दुसऱ्या कोणाला नकोसे असते. खाचरात तण माजले, तर भात खुरटतो. भूखंडात रान वाढले, तर साप-विंचवांचे भय वाटते. खुरपणीला माणसे मिळेनाशी झाली, म्हणजे लोक तणनाशकाचा आश्रय करतात. एकाचे तण तो दुसऱ्याचा चारा असतो, आणि संकटाचा उगम येथेच आहे.

तणनाशक फवारलेले रान पहिल्या दिवशी ओळखू येत नाही. पाने हिरवीच असतात. ती पिवळी पडून वाळू लागण्यास पुष्कळदा काही दिवस लागतात. तोपर्यंत भुकेले जनावर तेथे तोंड घालणारच.

सर्व तणनाशके एकसारखी नसतात. ‘२,४-डी’ हे औषध वनस्पतीच्या वाढीचे नियमन करणाऱ्या द्रव्यासारखे काम करते. त्यामुळे रुंद पानांचे तण वेडेवाकडे वाढून मरते, पण गवत सहसा वाचते. ‘ग्लायफोसेट’ हे गवत आणि रुंद पानांचे तण या दोहोंनाही मारते. कारण वनस्पतींना आवश्यक अशी काही द्रव्ये तयार होण्याची क्रियाच ते बंद पाडते. ही क्रिया प्राण्यांच्या शरीरात नसते. म्हणून गुरांना त्याची तितकी बाधा होत नाही. ‘पॅराक्वाट’ मात्र फार जहाल आहे. त्याची थोडी मात्राही पोटात गेली, तर माणूस काय किंवा जनावर काय, दोघांच्याही जिवावर बेतते आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही.

मग सौम्य तणनाशक फवारलेल्या रानात गुरे सोडण्यास हरकत कोणती? हरकत आहे, आणि तिची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. घाणेरीसारखी विषारी झुडपे जनावर एरवी हुंगून सोडून देते. परंतु फवारणीनंतर कोमेजताना काही विषारी वनस्पतींची चव बदलते आणि जी पाने जनावर टाळत असे, तीच ते आवडीने खाऊ लागते. घाणेरी पोटात गेल्यास यकृत बिघडते. म्हणजे येथे अपाय औषधाने होत नाही, तर औषधाने रुचकर झालेल्या विषारी पाल्याने होतो.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. काटेमाठासारखे तण जमिनीतून नायट्रेट नावाचे क्षार शोषून घेते. फवारणीने त्याची वाढ खुंटली, की हे क्षार पानांत व देठांत साचून राहू शकतात. असा पाला खाल्ल्यावर गुरांच्या पोटातील सूक्ष्म जंतू नायट्रेटचे नायट्राइट बनवितात. ते रक्तात मिसळले, की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. जनावर धापा टाकू लागते, झोकांड्या खाते आणि त्याचे रक्त काळपट तपकिरी दिसते. वेळेवर उपचार झाला नाही, तर ते दगावते.

याखेरीज दुभत्या जनावराच्या पोटात गेलेल्या औषधाचा अंश दुधात उतरण्याचा संभव असतो. फवारणीचा पंप ओढ्यात किंवा डबक्यात धुतला, तर पाणी दूषित होते. उघडी टाकलेली डबडी गुरे चाटतात, हा धोका तर फवारलेल्या गवताहूनही मोठा असतो.

या सर्वांवर उपाय कठीण नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये १९७१ साली नियम झाले. त्यांनी औषधाच्या वेष्टनावर कोनावर उभा असलेला एक चौकोन छापण्याचे बंधन घातले. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे बराच विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. हिरवा रंग दिसला म्हणून निर्धास्त राहू नये, कारण तोही विषाचाच रंग आहे. वेष्टनासोबतच्या पत्रकात चराईसंबंधी सूचना असल्यास ती काटेकोरपणे पाळावी. काही औषधांसाठी थोडे दिवस थांबावे लागते, तर काहींसाठी अनेक आठवडे. चराईचा उल्लेखच नसेल, तर त्या जागेतील चारा गुरांना घालू नये. नुसत्या पावसाच्या सरीने रान निर्धोक झाले, असे समजू नये.

जनावराला बाधा झाल्याची शंका आली, तर त्याला त्या जागेवरून ताबडतोब हलवावे. अंगावर औषध उडाले असेल, तर ते भरपूर पाण्याने धुवावे. मात्र धुणाऱ्याने स्वतःचे हात झाकून घ्यावेत. घशात तेल किंवा ताक ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन अधिक घात होतो. पशुवैद्याला त्वरित बोलवावे आणि औषधाचे वेष्टन त्याला दाखवावे. कोणते औषध पोटात गेले हे कळले, तरच योग्य उपचार करता येतो.

गाईला पाटी वाचता येत नाही आणि म्हशीला औषधाचे नाव विचारता येत नाही. म्हणून फवारणाऱ्याने शेजारच्या गुराख्याला आधी सांगावे, जागेवर खुणेची पाटी लावावी आणि गुराख्यानेही अनोळखी रानात गुरे सोडण्यापूर्वी चौकशी करावी. दोघांच्या एवढ्या बोलण्याने गोठ्यातले जनावर वाचते आणि त्याच्या दुधावर चालणारे घरही सावरते.