रोजा ठेवताना शरीराचाही हिशेब व्हावा

रमजान हा हिशेबाचा महिना. वर्षभराच्या शिलकीवर जकात किती निघते, याचा हिशेब अनेक घरांत याच महिन्यात पै न् पैचा होतो. शरीराचा हिशेब मात्र राहून जातो, त्यातही घरच्या कर्त्या पुरुषाचा. बायकांची साखर, रक्तदाब निदान बाळंतपणाच्या निमित्ताने तरी तपासला जातो. पुरुष ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणून मोकळा होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) वेगळेच सांगते. देशातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा त्यासाठी त्यांना औषध सुरू आहे. साखरेबाबत हे प्रमाण १५.६ टक्के आहे. दोन्हींत पुरुष स्त्रियांच्या पुढे आहेत. हे आजार बराच काळ दुखत नाहीत. कळतात तेव्हा डोळे, मूत्रपिंड, हृदय यांना झळ लागलेली असते.

रोजाच्या काळात हे दुर्लक्ष जिवावर बेतू शकते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना दिवसभर पोट रिकामे राहिले, तर साखर एकदम घसरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपू शकते. तरीही ‘लोक काय म्हणतील?’ या धास्तीने आजार लपवून रोजा ठेवणारे असतात. काही जण तर मनानेच गोळ्या बंद करतात.

खरे तर आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे. बरे झाल्यावर राहिलेले रोजे पूर्ण करावेत. ते शक्यच नसेल, तर फिदिया म्हणून गरिबाला जेवू घालावे. रोज उपवास आणि रात्रभर इबादत करणाऱ्या अब्दुल्लाह बिन अम्र या साथीदाराला पैगंबरसाहेबांनी, तुझ्यावर तुझ्या शरीराचाही हक्क आहे, अशी समज दिली होती. सवलत घेणे हा कमीपणा नव्हे.

मधुमेह असलेल्यांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. ते राहून गेले असेल, तर आज भेटावे. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडावा, असे वैद्यकशास्त्र सांगते.

इफ्तारलाही खजूर-पाण्यानंतर भज्यांवर ताव मारण्याआधी थोडे थांबावे. दिवसभर तंबाखूशिवाय राहता येते, तर इफ्तारनंतर तरी ती पुडी कशाला उघडायची?

श्रावणी सोमवार किंवा एकादशी धरणाऱ्या मधुमेही बांधवांनीही डॉक्टरांना विचारूनच उपवास करावा. तिशी ओलांडलेल्यांची साखर, रक्तदाब आणि तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. सहेरी-इफ्तारची काळजी घरच्या बायका घेतातच. तपासणीला मात्र पुरुषाने स्वतःच्या पायांनी जायला हवे.